पाण्यावरची वहिवाट

व्हर्जिनिया राज्यातील डीप क्रीक या गावी, ऑक्टोबरमधील एका स्वच्छ सकाळी, नऊच्या सुमारास घंटा घणघणू लागली, रस्त्याच्या दोन्ही अंगांना आडकाठ्या खाली आल्या, कामावर निघालेल्या मोटारींची आणि शाळकरी मुलांनी भरलेल्या एका पिवळ्या बसची रांग जागच्या जागी थबकली, आणि तो भर रहदारीचा रस्ता पुलावर मध्येच उचलला जाऊन आकाशाकडे तोंड करून उभा राहिला. हा सारा बंदोबस्त कोणा आरमारी जहाजासाठी नव्हता, की मालाने लादलेल्या तराफ्यासाठीही नव्हता. तो होता माझ्या भाच्याच्या ३४ फुटी शिडाच्या नौकेसाठी आणि तिच्यामागून येणाऱ्या तशाच दोन लहान नौकांसाठी. आमच्या नौकेवर भाचा, त्याची पत्नी आणि मी अशी तीन माणसे होती, आणि महिनाभर पुरेल एवढा शिधा होता. याहून मौल्यवान असे तिच्यात काही नव्हते.

हा पूल उघडणारा गृहस्थ आमच्या परिचयाचा झालेला होता, कारण पाऊण तासापूर्वी त्यानेच आम्हाला पुलाअलीकडच्या लॉकमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या हौदात घेऊन, हौदात पाणी सोडून आमच्या नौका आठ फूट वर उचलल्या होत्या. दोर कसे धरावेत हे त्याने आम्हाला काठावर उभे राहून समजावून दिले, हातातल्या वहीत नौकेचे नाव लिहून घेतले, ते नाव, 'सावित्री', भाच्याकडून एकेक अक्षर सुटे करून वदवून घेतले, आणि हौदाचे दरवाजे उघडल्यावर तो आपल्या मोटारीत बसून पुढच्या पुलावर गेला. रस्त्यावर खोळंबलेल्या त्या लोकांकडे पाहून मला इतका संकोच वाटला की पुलाजवळून जाताना माझे हात नकळत जोडले गेले. सुकाणूवरच्या भाच्याने ते पाहिले आणि तो म्हणाला, "मामा, हात कशाला जोडता? पाण्याची वाट आधीची आहे, पूल मागाहून आला. थांबायचं ते त्यानंच."

या एका वाक्यात त्या देशाच्या जलमार्गांविषयीच्या कायद्याचे मर्म आले आहे. १७८७ साली, म्हणजे अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती त्याच वर्षी, वायव्येकडील मुलखाच्या कारभारासाठी जो वटहुकूम निघाला त्यात मिसिसिपी आणि सेंट लॉरेन्स या नद्यांना मिळणारी नौकागम्य पाणवाट सर्वांची सामाईक आणि कायमची करमुक्त राहील अशी ग्वाही होती, आणि पुढे हाच विचार त्या देशाच्या नौकानयनाच्या साऱ्या कायद्यात मुरत गेला. नौका जाऊ शकेल असे पाणी हा राजमार्ग होय; त्यावर पूल बांधणाऱ्याने आधी सरकारची परवानगी मिळवावी, आणि ती परवानगी त्याला या शर्तीवर मिळावी की पाण्यावरून जाणाऱ्याची वाट त्याने अवाजवी अडवू नये. उघडणाऱ्या पुलाशी येऊन एक लांब आणि एक आखूड असा भोंगा वाजवला, किंवा हल्लीच्या पद्धतीप्रमाणे बिनतारी यंत्रावरून विनंती केली, की ठरलेल्या वेळांचे बंधन सांभाळून पूल उघडलाच पाहिजे. आणि मागणारा सरदार आहे की सुतार, हे विचारण्याचा अखत्यार पुलावरच्या माणसाला नाही. आपल्याकडे शेताच्या बांधावरून जाणाऱ्या वाटेचा तंटा मामलेदारापुढे जातो, तेव्हा ज्या एका शब्दावर सारा निवाडा ठरतो तो शब्द म्हणजे वहिवाट. माणसे ज्या वाटेने जात आली ती वाट त्यांची. पण ती जाता-येताच टिकते, आणि चालणारे थांबले, झाडोरा माजला, बांध सरकला, की कागदावर हक्क असूनही पायाखालची वाट नाहीशी होते. त्या महिनाभराच्या प्रवासात मी जे पाहिले त्याचा अर्थ मला या शब्दावाचून लावता येत नाही.

ज्या मार्गाने आम्ही दक्षिणेस निघालो होतो त्याचे दप्तरी नाव अटलांटिक इंट्राकोस्टल वॉटरवे असे आहे, आणि त्यावरून ये-जा करणारी मंडळी त्याला नुसते 'डिच', म्हणजे चर, म्हणतात. नॉरफोक बंदरात एलिझाबेथ नदीतील ३६ क्रमांकाच्या तांबड्या बोयापाशी त्याचा शून्य मैल आहे, आणि तेथून मायामीपर्यंत तो सुमारे १,०९० मैल जातो. तो समुद्रातून जात नाही, समुद्राच्या आतल्या बाजूने जातो: कोठे नदीतून, कोठे खाडीतून, कोठे नकाशावर पट्टी ठेवून आखल्यासारख्या सरळ कालव्यातून, आणि बहुतेक ठिकाणी किनाऱ्याला समांतर पसरलेल्या वाळूच्या लांबट बेटांच्या आडोशाने. बाहेरून न जाण्याचे कारण उत्तर कॅरोलायनातील हॅटरसचे भूशिर हे आहे. तेथे उथळ वाळूचे दांडे मैलोगणती समुद्रात शिरलेले आहेत आणि गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह किनाऱ्याच्या जवळून ईशान्येस धावतो. त्याच्यावर उत्तरेचा वारा सुटला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात, आणि या जागेला अटलांटिकचे स्मशान हे नाव पडण्याइतकी गलबते तेथे बुडालेली आहेत.

हा प्रवास शरदातच का करावा लागतो, याचेही गणित आहे. चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत असतो, आणि नौकेचा विमा उतरवणाऱ्या अनेक कंपन्या हंगाम बराच सरेपर्यंत नौकेला दक्षिणेकडे फार खाली जाऊ देत नाहीत. उलट उत्तरेकडच्या खाड्यांत ऑक्टोबर संपता संपता दोरांवर पहाटेचे हिमकण दिसू लागतात. म्हणजे पुढे वादळाची मुदत आणि पाठीवर थंडी, अशा या दोहोंच्या मधल्या पाच-सहा आठवड्यांच्या फटीतून मेरीलँडपासूनच्या आणि त्याहूनही उत्तरेकडच्या नौका एकामागोमाग एक निघतात. दिवस लहान होत चाललेला असतो, आणि अंधारात या मार्गाने जाणे शहाणपणाचे नसल्यामुळे साधी शिडाची नौका इंजिन चालवून दिवसाला पन्नासेक मैल कापते. कायम स्वरूपाचे पूल पाण्यापासून ६५ फूट उंच ठेवण्याचा दंडक आहे, म्हणून डोलकाठी त्याहून उंच असलेल्यांना बाहेरचा समुद्रच गाठावा लागतो. वाट दाखवणाऱ्या खांबांवर आणि बोयांवर लहानशी पिवळी खूण असते, दक्षिणेस जाताना उजव्या हाताला त्रिकोण आणि डाव्या हाताला चौकोन. आणि जेथे एखाद्या नदीच्या मुखाशी तिच्या स्वतःच्या तांबड्या-हिरव्या खुणा उलट सांगू लागतात, तेथे या इवल्याशा पिवळ्या खुणेवर विश्वास ठेवायचा असतो. पहिले दोन दिवस मी दुर्बीण डोळ्यांना लावून केवळ त्या पिवळ्या ठिपक्याचाच शोध घेत होतो.

डीप क्रीकचा पूल ओलांडल्यावर लागतो तो डिस्मल स्वॅम्पचा कालवा. दोन्ही तीरांवरून झाडे इतकी झुकलेली की डोलकाठीचे टोक मधूनमधून फांद्यांना लागून नौकेवर पिवळी पाने गळत होती. बादलीने वर काढलेले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे निघाले. हा रंग घाणीचा नव्हे; दलदलीतल्या झाडांच्या साली आणि पाने कुजून त्यांचा तुरट अर्क पाण्यात उतरतो, आणि त्यामुळेच ते पाणी फार दिवस नासत नाही म्हणून जुन्या काळी दर्यावर्दी ते पिंपांत भरून लांबच्या सफरीवर नेत असत. १७९३ साली या कालव्याच्या खोदाईला आरंभ झाला आणि १८०५ साली तो वाहतुकीस खुला झाला. मानवी हातांनी खोदलेला आणि आजपर्यंत वापरात असलेला त्या देशातला हा सर्वांत जुना कालवा होय.

पण हात कोणाचे, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ते हात गुलामांचे होते. आसपासच्या जमीनदारांकडून गुलाम वर्षाच्या बोलीने भाड्याने घेतले जात आणि त्यांचे भाडे त्यांच्या धन्याला मिळे. मोझेस ग्रँडी नावाचा एक कृष्णवर्णी नावाडी या कालव्यावर मालाच्या होड्या चालवीत असे. त्याने आपली हकीकत १८४३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली, आणि कमरेपर्यंत, कधी त्याहूनही खोल, चिखलात उभे राहून मुळे तोडणाऱ्या आणि गाळ उपसणाऱ्या माणसांचे वर्णन त्यात केलेले आहे. पै पै साठवून त्याने स्वतःच्या सुटकेची किंमत एकदा नव्हे, तीनदा भरली, कारण पहिल्या दोन धन्यांनी पैसे घेऊन शब्द मोडला. आणि याच दलदलीच्या पोटात, कालव्याच्या दोन्ही बाजूंच्या निबिड रानात, पळून आलेले गुलाम पिढ्यान्‌पिढ्या वस्त्या करून राहिले, हेही तितकेच खरे आहे. ज्या पाणवाटेने धन्याचे लाकूड आणि कौलासाठी लागणाऱ्या फळ्या बंदराला जात, त्याच वाटेच्या आडोशाने माणसे मोकळी होत होती. आज त्या कालव्यातून नौका मोफत जाते; पण त्या मुभेच्या मुळाशी कोणाची फुकट घेतलेली मेहनत आहे, हे त्या तांबूस पाण्यावरून जाताना विसरता येत नाही, आणि विसरूही नये.

किनाऱ्याच्या आतून सलग जलमार्ग असावा ही कल्पना मुळात सरकारी दप्तरातली आहे. जेफर्सनच्या कारकिर्दीत अर्थखात्याचे प्रमुख असलेल्या आल्बर्ट गॅलॅटिन यांनी १८०८ साली रस्ते आणि कालवे यांविषयी जो अहवाल सादर केला त्यात ती सविस्तर मांडलेली आहे. ती पुरी व्हायला शतकाहून अधिक काळ लागला. मधल्या काळात खासगी कंपन्यांनी कालवे काढले आणि त्यांवर जकात बसवली. अखेरीस केंद्र सरकारने १९१३ साली आल्बेमार्ल आणि चेसापीक कालवा आणि १९२९ साली डिस्मल स्वॅम्पचा कालवा विकत घेऊन तेथील जकात उठवली. १९४२ साली जर्मन पाणबुड्या या किनाऱ्यावर व्यापारी जहाजे एकामागून एक बुडवू लागल्या तेव्हा या आतल्या वाटेचे मोल शंका घेणाऱ्यांनाही पटले असेल.

पुढच्या प्रवासाची दिनचर्या येथे देण्यात स्वारस्य नाही. एलिझाबेथ सिटी या गावाच्या सार्वजनिक धक्क्यावर दोन दिवस फुकट राहता येते आणि तेथील नागरिक १९८३ सालापासून येणाऱ्या नौकांवरील लोकांचे गुलाबाचे फूल देऊन स्वागत करीत आले आहेत, एवढी नोंद करून मी दक्षिण कॅरोलायनातील वॅकामॉ नदीकडे वळतो, कारण तेथे मला माझे कोकण भेटले. नदीच्या दोन्ही तीरांना सपाट, पाणथळ, गवताने भरलेली मैदाने होती, आणि त्यांच्या कडेने झिजलेले बांध. हे काय असावे म्हणून मी विचारात पडलो असता एका बांधात रुतलेली लाकडी झडप दिसली, आणि माझ्या तोंडून शब्द निघाला, "उघाडी!" आमच्या खारजमिनीत भातशेतीला खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी बांध घालतात आणि त्यात ओहोटीला पाणी बाहेर सोडणारी नि भरतीला मिटणारी जी झापे बसवतात, त्यांचीच ही बहीण. फरक इतकाच की तेथे नदीचे गोडे पाणी भरतीने फुगून वर येते तेव्हा ते शेतात घ्यायचे आणि ओहोटीला काढून टाकायचे असे. एकेकाळी अमेरिकेतील तांदळाचा फार मोठा भाग या जॉर्जटाउनच्या टापूत पिकत होता, आणि तो पिकवण्याचे ज्ञान पश्चिम आफ्रिकेच्या भातपिकाच्या मुलखातून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आलेले होते. यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, पुढे वादळांनी बांध फोडले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी शेती संपली. बांध राखणारे हात गेले की बांध किती वर्षे टिकतो, हे मला तेथे एका दृष्टीत दिसले. आणि जे बांधाचे, तेच पाण्याच्या वाटेचे, याची प्रचीती पुढच्याच आठवड्यात आली.

जॉर्जियाचा किनारा म्हणजे अखंड खाजण आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उरलेल्या खाजणापैकी सुमारे एक तृतीयांश या एका लहानशा किनाऱ्यावर आहे. भरती-ओहोटीतला फरक तेथे सात ते नऊ फुटांचा, म्हणून पाणी दिवसातून दोनदा मुलुख व्यापते आणि दोनदा सोडून जाते. लिट्‌ल मड रिव्हर हे नाव ज्या प्रवाहाला शोभते, त्यात आम्ही उतरत्या पाण्यावर शिरलो. चूक सर्वस्वी आमची होती. अर्धी भरती होईपर्यंत थांबावे हे आम्हाला ठाऊक होते, आणि संध्याकाळच्या आत पुढचा आडोसा गाठण्याच्या घाईने आम्ही थांबलो नाही. नौकेचा तळ पाण्यात पाच फूट उतरलेला असतो. खोली दाखवणाऱ्या यंत्रावर आकडा सहावर आला, साडेपाचवर आला, मग कोणी उशीवर हात दाबावा तसा एक मऊ दाब लागला आणि सावित्री थांबली. भाच्याने इंजिन उलटे फिरवले, मागे चॉकलेटी पाण्याचा फुगा उठला, पण नौका हलली नाही.

पुढचे सहा तास आम्ही तेथे होतो. पाणी आमच्याभोवतीहून निघून जाताना डोळ्यांना दिसत होते. नौका हळूहळू डाव्या कुशीवर कलू लागली, तेव्हा भाचेसुनेने स्वयंपाकाची भांडी फडताळातून काढून जमिनीवर ठेवली आणि आम्ही तिघे वरच्या कडेला, टेकून बसलेल्या माणसांसारखे, पाय लोंबवून बसलो. चिखल उघडा पडला तसा तो बोलू लागला: बारीक बुडबुडे फुटल्याचा, शिंपल्यांची तोंडे मिटल्याचा, असा एक सतत चालणारा कुजबुजता आवाज, जो मी लहानपणी बाणकोटच्या खाडीकाठी मामाच्या घरामागे ऐकला होता आणि पन्नास वर्षांत विसरून गेलो होतो. एकच नांगी मोठी असलेले खेकडे शेकड्यांनी बिळांतून बाहेर आले आणि ती नांगी सर्वजण एकदम वर-खाली करू लागले. नौकेच्या तळाखालचा गाळ मी वल्ह्याने ढवळून पाहिला. लोण्यासारखा मऊ, रेतीचा एक कणही त्यात नव्हता. दोन विरुद्ध दिशांच्या भरत्या अशा जागी समोरासमोर येऊन मंदावतात, आणि मंदावलेले पाणी आपल्या अंगावरचा गाळ तेथेच टाकून देते. म्हणून आज उपसले तरी काही वर्षांनी तेथे पुन्हा उपसावे लागते. काळोख पडल्यावर खाजणाच्या वर चांदणे आले. रात्री नऊच्या पुढे कधीतरी नौका सरळ होऊ लागली, आणि साडेदहाला, कोणी धक्का दिल्यावाचून, ती तरंगली.

ते सहा तास माझ्या मताला कारण झाले आहेत. नॉरफोकपासून फ्लोरिडातील फोर्ट पिअर्सपर्यंत या मार्गाची मंजूर खोली १२ फूट आणि तेथून मायामीपर्यंत १० फूट आहे. कागदावर ती आजही आहे, पण दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियात काही जागी ओहोटीला तिच्या निम्मेही पाणी उरत नाही. मार्गाची देखभाल अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाकडे सोपवलेली आहे. त्या दलाला पैसा वरून मिळतो, आणि तो वाटताना कोणत्या जलमार्गावरून वर्षाकाठी किती टन व्यापारी माल गेला, या हिशेबाला सर्वांत मोठे स्थान दिले जाते. लाकूड, तेल, खते वाहणारे तराफे या मार्गावर कमी झाले, म्हणून टन घटले. टन घटले म्हणून पैसा आटला. पैसा आटला म्हणून गाळ वाढला. आणि गाळ वाढला म्हणून उरलेले तराफेही कमी झाले. डीप क्रीकच्या त्या गृहस्थाच्या वहीत आमच्या सावित्रीचे नाव अक्षर अक्षर विचारून लिहिलेले आहे. पण तिजोरीच्या हिशेबात ती नाही, कारण तिच्यात टनाचा माल नाही. हा हिशेब मला चुकीचा वाटतो. वाटेचे मोल तिच्यावरून गेलेल्या ओझ्यावर ठरवायचे असेल, तर ज्या पाणंदीवरून कधी मालमोटार गेली नाही, नुसती बैलगाडी आणि डोक्यावर पेंढ्या घेतलेल्या बाया गेल्या, ती पाणंद नांगरून टाकायला हरकत नाही असे म्हणावे लागेल.

यावर एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. स्वतःची नौका बाळगणे हा पैसेवाल्यांचा षोक. त्यांची वाट रयतेच्या पैशाने का उपसावी? मला मोठमोठ्या यांत्रिक नौका भेटल्या, त्यांतल्या काहींनी वेग न आवरता शेजारून जाऊन त्यांच्या लाटेने आमची चूल विझवली, आणि त्या वेळी हा आक्षेप मला अगदी पटत होता. परंतु ज्यांच्यासोबत आम्ही रात्री नांगर टाकून राहिलो त्यांत निवृत्त शिक्षकांचे एक जोडपे होते, घर विकून जुनी नौका घेतलेला एक सुतार होता, रजा साठवून आलेली एक परिचारिका होती. आणि त्याच पाण्यावर कोळंबी धरणाऱ्यांचे मचवे आणि कालवे काढणाऱ्यांच्या सपाट होड्या रोज पोटासाठी हिंडत होत्या. गाळाने वाट बंद झाली तर धनवान नौका बाहेरच्या समुद्राने जाईल, तिचे इंजिन तेवढे समर्थ असते. अडकून पडेल ती लहान होडी. आणि पैशाचा मार्गही अज्ञात नाही. फ्लोरिडाने १९२७ सालीच आपल्या पूर्व किनाऱ्यासाठी एक अंतर्गत नौकानयन मंडळ कायद्याने स्थापले. आज ते १२ किनारी परगण्यांतल्या घरजमिनीवर अल्पसा कर बसवून गाळ काढण्याच्या खर्चाला हातभार लावते, आणि तेथील पाण्याची खोली पाहिली की त्या कराचे सार्थक दिसते. ज्यांच्या काठाला वाटेमुळे किंमत आली त्यांनी वाटेसाठी काही द्यावे, आणि मोठ्या नौकेने लांबीच्या प्रमाणात अधिक द्यावे, यात अन्याय नाही. अन्याय आहे तो वाट मरू देण्यात, आणि मग ती वापरणारे कोणी नव्हते असे म्हणण्यात.

हे सारे मी मराठी वृत्तपत्रात लिहितो आहे त्याला कारण आहे. माझ्या पिढीच्या कोकण्याला हे सांगायला नको की पावसाळ्याचे चार महिने सरले की भाऊच्या धक्क्यावरून आगबोटी दक्षिणेस निघत, आणि हर्णै, दाभोळ, जयगड, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड अशा बंदरांसमोर त्या उभ्या राहिल्या की पडाव येऊन उतारूंना आणि त्यांच्या वळकट्यांना किनाऱ्यावर नेत. रस्ते सुधारले, बोटी बंद झाल्या, पुढे रेल्वे आली. त्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. पण बोटींबरोबर आपण खाड्यांची वाटही सोडून दिली. २०१६ च्या कायद्याने देशातील १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरवले, त्यांत बाणकोटची सावित्री, दाभोळची वाशिष्ठी आणि जयगडची शास्त्री यांचाही समावेश आहे. आणि तेथेही पहिला प्रश्न विचारला जातो तो टनांचाच. माझे मागणे फार थोडे आहे. दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतर प्रत्येक खाडीच्या मुखाची खोली मोजावी आणि तो आकडा जाहीर करावा. वाट दाखवणारे बोये घालावेत. खाडीवर नवा पूल बांधताना त्याखालून शिडाची होडी जाईल की नाही, हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या पानावर विचारावा. आणि जेथे जुना धक्का आहे तेथे तो ओहोटीलाही पाण्याला टेकेल एवढा गाळ काढावा.

ही वाट आपल्या इतिहासात काय कामाला आली आहे, याचे एक उदाहरण पुरे आहे. १९२७ च्या डिसेंबरात चवदार तळ्याच्या दुसऱ्या सत्याग्रहासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासमवेतचे प्रतिनिधी महाडला निघाले, तेव्हा धरमतरच्या बाजूने जाणाऱ्या मोटारी बहिष्कार घालून त्यांना नेण्याचे नाकारतील हा धोका होता. म्हणून ते मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि सावित्रीच्या खाडीतून दासगावला उतरले. सार्वजनिक तळ्याच्या पाण्यावरचा हक्क मागायला माणसे सार्वजनिक पाण्याच्या वाटेने गेली, कारण रस्त्यावर अडवणारे होते आणि पाण्यावर नव्हते.

अमेरिकेहून परतल्यावर त्याच मार्गशीर्षात मी दासगावला गेलो. दुपार होती, ओहोटी लागलेली होती, आणि काठावर एक वृद्ध गृहस्थ जाळे विणीत बसले होते. मुंबईहून बोट आली तर ती आता कोठवर येईल, असे मी त्यांना विचारले. त्यांनी सुतळी दातांत धरून हाताने खाली, दूरवर, पाण्यात उभ्या असलेल्या एका लाकडाकडे दाखवले. "थितवर. म्होरं गाळ हाय. उधानाला येल वर, भांगाला नाय येनार." मग जाळे खाली ठेवून ते उठले, डोळ्यांवर हात धरून त्यांनी पुन्हा पाण्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "बोट मोटी हाय का लहान?"